उगवतीकडचं टिन

हारूनभाई, टिन मी काढलं. उगवतीकडचं, अख्खं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगून टाकतो. आणि ते काही सरळ निघालं नाही. एकेका बोल्टाला दोन-दोन नट आवळून ठेवणारा माणूस मी तुझ्याशिवाय दुसरा पाहिला नाही. पाना निसटून माझ्या बोटांची सालं निघाली. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि काढायचा तर समोर तू नाहीस.

तुझा चाळिसावा दिवस व्हायचा आहे अजून. लोक येतात, तुझ्या अंगणात बसतात, चहा घेतात आणि म्हणतात, हारूनभाई भला माणूस होता. होतास, मी कुठं नाही म्हणतो? पण या भल्या माणसासोबत एकदा दिवाळीपासून होळीपर्यंत टिनाच्या ट्रालीत राहून दाखवा, असं माझ्या अगदी तोंडावर येतं. मग मीही चहा घेतो आणि मान हलवतो.

परवा भाभींचे कोणी पाहुणे आले होते अकोल्याहून. त्यांनी विचारलं, तुमचं आणि त्यांचं नेमकं काय नातं? मी म्हटलं, ट्रॅक्टर माझा, ट्राली त्याची. त्यांना ते अपुरं वाटलं असावं. पण याहून जास्त काय सांगणार? सोयाबीन घरात आलं की मी ट्रॅक्टरला तुझी ट्राली जोडायचो आणि आपण कामरगाव सोडायचो. गावोगावच्या जुन्या गाद्या, रजया उसवायच्या, आतला दगड झालेला कापूस मशीनमध्ये घालून पिंजायचा, परत भरायचा, आणि टाके घालून गादी द्यायची. कारंजा, मग मानोऱ्याकडचे तांडे, मग मंगरूळ, रिसोड आणि शेवटी केनवड. ट्रालीच्या पुढच्या अर्ध्यात मशीन, मागच्या अर्ध्यात आपला संसार. कापूस उडून जाऊ नये म्हणून चारही बाजूंनी टिन, वर टिन, आणि मागं एक दार. तू तिला ट्राली म्हणायचाच नाहीस. 'घरात चल' म्हणायचास. सुरुवातीला मला वाटायचं, कामरगावला परत निघालो की काय.

आणि त्या टिनाच्या डब्यात तुला रेडिओ ऐकायचा होता.

बरं, ऐक ना. कोण नाही म्हणतं? रेडिओ हातात घेऊन ट्रालीच्या बाहेर दोन पावलं टाकली की नागपूर स्टेशन खणखणीत लागायचं. पहिल्याच हिवाळ्यात मी तुला दाखवलं होतं. दारातून आत गेलो की खरखर, बाहेर आलो की गाणं. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. लहान पोराला समजेल अशी गोष्ट. टिनाच्या डब्यात लहरी शिरत नाहीत, संपला विषय. ट्रॅक्टरच्या बोनटवर रेडिओ ठेव, खाली सतरंजी टाक, आणि मजेत ऐक.

तू माझ्याकडं असं पाहिलंस, जसं मी तुला गावच्या पारावर जाऊन झोप म्हटलं होतं.

"घरातला रेडिओ घरात वाजला पाह्यजे," तू म्हणालास. "बाह्यर कायले? बाह्यर तं साऱ्या गावाचंच वाजून राह्यलं."

"अरे पण आत येतच नाई ना आवाज!"

"येईन. कायचं नाई येत? थांब तू."

हे 'थांब तू' मी किती हिवाळे ऐकलं, देवाला ठाऊक. रेडिओची दांडी मोडली होती, तिच्या जागी तू गादी शिवायची लांब सुई खोचलीस. काही फरक नाही. मग तुझ्या अब्बांची जुनी धनुकली काढलीस, हातानं कापूस पिंजायची, जिला तू एरवी कोणाला हात लावू द्यायचा नाहीस. तिच्यावर तांब्याची तार गुंडाळून ती टपावर बांधलीस आणि तारेचं टोक फटीतून आत घेतलंस. या वेळी मात्र थोडं ऐकू आलं, हे मी कबूल केलं होतं. केलं होतं की नाही? पण त्या धनुकलीचं तोंड नागपूरकडं असावं लागे, आणि आतला रेडिओही त्याच बाजूनं, दाराकडे सरकवून. म्हणजे प्रत्येक गावात ट्रालीची पाठ नागपूरकडं करायची. म्हणजे मीच करायची.

हारूनभाई, ट्रॅक्टरला जोडलेली ट्राली रिव्हर्स घेणं काय असतं, हे तुला कधी कळलंच नाही, कारण तू कायम मागं उभा राहून हात हलवायचास. स्टिअरिंग डावीकडे फिरवावं तर ट्राली जाते उजवीकडे. इकडे नाली, तिकडे कोणाचा तरी कुडाचा कोपरा, मध्ये शेळ्या, आणि तू ओरडतोस, "अजून थोडं उगवतीकडं, गज्या! थोडं! आता लय झालं!" मानोऱ्याजवळच्या त्या तांड्यात तर बायका गाद्या आणायच्या सोडून ट्राली कशी फिरते ते पाहायला उभ्या राहिल्या होत्या. एका म्हातारीनं विचारलं, हे काय करून राह्यले? तू म्हणालास, मावशी, नमाजाले मावळतीकडं पाहा लागते, अन् रेडिओले उगवतीकडं. ती हसली. मी क्लच दाबून बसलो होतो, मला हसू येत नव्हतं.

आता येतं, हे वेगळं.

बल्बचीही तीच कथा. बॅटरीवरचा तो पांढरा बल्ब लावला की रेडिओत भुंगा शिरल्यासारखा आवाज व्हायचा, म्हणून रेडिओ चालू असेपर्यंत बल्ब बंद. अंधारात भाकर, अंधारात वरण. आणि ट्रालीत कापूस तर सदा उडत असायचा. मी आयुष्यात जेवढा कापूस विकला असेल, त्याहून जास्त तुझ्यासोबत खाल्ला असेल.

आणि सगळ्यात कहर म्हणजे त्या भिंती. एका सकाळी तू मला उठवून सांगितलंस की तुला खरखरीचं मूळ सापडलं. म्हणालास, टिन वाजते. वाऱ्यानं थरथरते, ती थरथर रेडिओत शिरते. मी म्हटलं, अरे बाबा, तसं काही नसतं. पण तू पडलास गादीवाला. तुझ्याकडे जगातल्या कुठल्याही दुखण्यावर एकच औषध, कापूस भरा. कंबर दुखते, कापूस भरा. दार वाजते, कापूस भरा. माझ्या ट्रॅक्टरच्या सीटला गादी करून दिलीस, तीही न मागता, आणि ती मात्र अशी जमली होती की माझी पाठ अजून तुझं नाव घेते. पण रेडिओला कापूस? तू ऐकलं नाहीस. रिसोडला आठवडाभर गिऱ्हाइकं परत पाठवून तू जाड गाद्या शिवल्यास, आतून लाकडी पट्ट्या बसवल्यास, आणि तिन्ही बाजूंना, वरपासून खालपर्यंत, गाद्या ठोकल्यास. लाल-पांढऱ्या चौकड्याच्या. दोन्ही बाजूंनी टाके, मध्ये कापूस इतका सारखा पसरलेला की हात फिरवला तर कुठं गाठ लागणार नाही. कोणी लग्नातली गादीसुद्धा एवढं मन लावून करत नाही.

खरखर तशीच राहिली.

"पण गरम कसं वाटून राह्यलं पाह्य," तू म्हणालास.  गरम वाटत होतं.

तेव्हा मी तुला एकच सांगत होतो. आता आतून गाद्या लावल्याच आहेस, तर बाहेरचं एका बाजूचं टिन काढून टाक. ताडपत्री बांधू वरून. तू भडकलास. टिन काढलं तर ते घर राहील का, झोपडी होईल, म्हणालास. कुत्रंही आत येईल, म्हणालास. मग दोन दिवस आपण फक्त मशीनपुरतं बोललो. 'टाक', 'थांब', 'बंद कर', एवढंच.

आणि मग या हिवाळ्यात नागपूर स्टेशनची एक बाई आली. रिसोड सोडून केनवडला जाताना, वाटेतल्या तांड्यात, पिंजणाचं काम पाहायला. फिरत्या कारागिरांवर कार्यक्रम करत होती म्हणे. तू तिला बाहेरच्या खुर्चीवर बसू दिलंस का? नाही. "घरात या म्याडम." ती वाकून आत आली, त्या चौकड्याच्या भिंती पाहून हरखली, आणि तू मला दूध आणायला पाठवलंस. तांड्यात म्हशींची धार काढायची वेळ झालेली नव्हती, मला थांबावं लागलं. परत आलो तर तिचं सगळं आवरलं होतं आणि ती माइकची वायर गुंडाळत होती. काय बोललास विचारलं, तर मिशीत हसून म्हणालास, "रेडिओवर आयक ना. आपल्या घरात आयकशीन. तुले अन् तुह्या भाभीले मी ट्रालीतच आयकवतो का नाई पाह्य."

त्याच संध्याकाळी तू भाभींनाही फोन करून हेच कबूल केलंस. ट्रालीतून फोन केल्यामुळे तो मध्येच तुटला, हे सांगायला नको. त्या डब्यात मोबाईललाही धड रेंज नसायची. तू पुन्हा लावला नाहीस. म्हणालास, घरी गेल्यावर बोलू.

केनवडला काय झालं ते लिहीत नाही. मला ते लिहवत नाही.

तुला घेऊन आलो त्याच ट्रालीतून. कामरगावात शिरलो, तुझ्या अंगणात आलो आणि जशी आली तशी उभी केली. दार भिंतीकडं, कूस उगवतीकडं. त्या दिवशी दिशा कोण पाहतो? नंतर एका चाकातली हवा गेली, बाजूला शेजाऱ्यांनी विटा रचल्या, आणि ती तिथंच रुतून बसली.

आणि मग स्टेशनमधून मला फोन आला, की अमुक दिवशी संध्याकाळी हारूनभाईंची मुलाखत लागेल. त्या बाईला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं.  मग ती म्हणाली, एकदाच लागेल, चुकवू नका.

भाभींनी ऐकलं आणि पहिला प्रश्न केला, "ट्रालीत रेडिओ हाये ना?"

मी म्हटलं, भाभी, घरात ऐकू. अंगणात ऐकू. माझ्याकडे चला म्हणत नाही, तुम्ही इद्दतीत आहात, इतके दिवस घर सोडता यायचं नाही. पण ट्रालीत नको. मी किती हिवाळे तिथं राहिलोय, मला ठाऊक आहे.

"नाई भाऊ. त्यायनं मले ट्रालीत म्हणलं होतं. त्या दिवशी फोन तुटला, मंग त्यायचा आवाज मले आलाच नाई. आता येईन तं तिथंच येईन."

 तू जिवंत असतास तर तुझ्याशी भांडलो असतो. त्या माऊलीशी कसा भांडू? एकदाच लागणारा आवाज, आणि ऐकायचा कुठं, तर साऱ्या वऱ्हाडात जिथं तो येणं सगळ्यात कठीण तिथं. हारूनभाई, तुझा हट्ट तू जाताना कोणाला देऊन गेलास, ते मला त्या दिवशी कळलं.

मी दुपारपासून लागलो. धनुकली टपावर बांधली, तोंड नागपूरकडं केलं. तार घासून चकचकीत केली. लोखंडी सळई अंगणात ठोकली, वरून बादलीभर पाणी ओतलं आणि तिला तार जोडली. ट्राली रबराच्या चाकांवर उभी आहे, तिला अर्थिंग मिळत नाही, हे मी तुला कधीपासून सांगत होतो. बल्बची वायर उपसून टाकली. भाभी आत त्या गादीला टेकून बसल्या, रेडिओ मांडीवर. मी दाराच्या पायरीवर.

वेळ झाली. कार्यक्रमाची धून लागली, कशीबशी. बाईचा आवाज आला, तुझं नाव आलं. आणि मग खरखर. सगळी खरखर. तिच्या मागं खूप लांब कोणी तरी पुरुष बोलत होता. तो तू आहेस हे माहीत होतं म्हणून, नाहीतर मीही ओळखलं नसतं. भाभींनी रेडिओ कानाला लावला. इकडं वळवला, तिकडं वळवला. मग माझ्याकडं पाहिलं. 

"द्या इकडं, बाह्यर नेतो," मी हात पुढे केला. त्यांनी रेडिओ छातीशी धरला.

मग माझं डोकं फिरलं. खरं सांगतो, तुझ्यावर फिरलं. मी ट्रॅक्टरच्या पेटीतून पाना आणि हातोडी काढली आणि विटांवर चढून उगवतीच्या बाजूला गेलो. पहिला नट फिरला, त्याच्या मागं दुसरा निघाला. तुझे ते दोन-दोन नट! खालच्या रांगेचे गंजून गेलेले. पाना बसेना, मी हातोडी घातली. आतून भाभी ओरडल्या, "भाऊ, आवाज नका करू, येऊन राह्यला! थोडा येऊन राह्यला!" आता मी काय करू? हातोडी मारावी तर तुझा आवाज बुडतो, न मारावी तर तो येतच नाही. मी तिथं विटांवर उभा राहून तुला मोठ्यानं शिव्या दिल्या. शेजारचे लोक गोळा झाले. त्यांना वाटलं असेल, गजाननचं डोकं गेलं. मी ठोकत राहिलो. तू आत बोलत होतास आणि मी बाहेरून ठोकत होतो, आणि जे बोललास त्यातलं अर्ध्याहून जास्त माझ्याच हातोडीखाली गेलं. त्याला मी काही करू शकलो नाही.

शेवटचा बोल्ट निघाला आणि टिन विटांवर आदळलं. असा आवाज झाला की शेजारची कुत्री गावाबाहेर पळाली. मी डोळे मिटून घेतले. आता ट्राली उघडी पडली, हारूनचं घर मी उघडं पाडलं, हेच डोक्यात आलं.

डोळे उघडले तर भिंत जागेवर. तुझी गादी. लाकडी पट्ट्यांना ठोकलेली, लाल-पांढऱ्या चौकड्याची, वरपासून खालपर्यंत सलग. घर तसंच्या तसं बंद. आणि त्या गादीतून, त्या कापसातून, तुझा आवाज येत होता, माझ्याशी बोलत असल्यासारखा स्वच्छ.

"एकटेच फिरता का एवढं?" बाई विचारत होती.

"एकटा कायले? गज्या हाये ना संगं. ट्रॅक्टर त्याचं. दिवसभर चूप, अन् संध्याकाळ झाली का भांडते."

"कशावरून?"

"याच्यावरूनच, रेडिओवरून. तो म्हणते बाह्यर ने. मी म्हणतो घरात वाजला पाह्यजे."

बाई हसली. "मग बरोबर कोण?"

"ते नाई ठरलं अजून, म्याडम. ठरलं, तं मंग संध्याकाळी आमी काय बोलाव?"

आणि तू हसलास. तुझं ते हसणं, ज्यात शेवटी कापसानं खोकला यायचा. खोकलाही आला. मग गाणं लागलं.

मी गादीला कान लावून उभा होतो. पलीकडून भाभींनी विचारलं, "भाऊ, आयकू आलं का तुमाले?"

"आलं, भाभी."

"मलेबी आलं," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ त्या रडत राहिल्या, आणि मी पाना शोधतोय असं दाखवत विटांमध्ये वाकून राहिलो.

टिन परत लावलेलं नाही. भाभी लावू देत नाहीत, मीही विचारत नाही. वरून ताडपत्री बांधली आहे, जशी मी म्हणत होतो तशी. कुत्रं अजून आत आलेलं नाही.

काल दिवस मावळताना गेलो होतो. दाराशी बसून रेडिओ लावला. आत, बरं का. घरात. नागपूर असं लागलं की काय सांगू, खरखरीचा एक काटा नाही. थोडं ऐकलं आणि बंद केला. ठरलं रे, हारूनभाई. गादी तुझी बरोबर निघाली, टिन काढायचं माझं बरोबर निघालं. सगळं ठरलं. आता संध्याकाळी मी काय बोलू?